पुस्तक पोरांपर्यंत नेणाऱ्यांनाही त्याच स्टेजवर बोलवा: बालसाहित्याचे पुरस्कार ठरवणाऱ्यांना खुलं पत्र

प्रिय निवड समितीतल्या सगळ्यांना,

आधी मनापासून थँक्यू. पुढे पत्र मागणीचं होणार आहे म्हणून हे पहिलंच सांगून टाकते. वर्षभर तुमच्या घरी पुस्तकांचे गठ्ठे येऊन पडतात, नोकरी आणि घर सांभाळून तुम्ही रात्री उशिरापर्यंत ते वाचता, टिपणं काढता, मीटिंगमध्ये एकेका पुस्तकासाठी भांडता, आणि बऱ्याच ठिकाणी हे काम फुकट असतं हेही मला माहितीये. मुलांच्या पुस्तकाबद्दल अजूनही लोक "लहान मुलांचंच आहे ना, मग सोपं असणार" असं म्हणून पुढे जातात. तुम्ही तसं म्हणत नाही. बत्तीस पानांच्या चित्रांच्या पुस्तकात पान उलटायच्या आधी शेवटचा शब्द कोणता ठेवलाय याच्यावर तुम्ही तासभर बोलू शकता, आणि तुमच्याबद्दल मला याच गोष्टीचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं.

मी कोण असं विचाराल तर मी लेखिका नाही, प्रकाशक नाही, समीक्षक तर नाहीच नाही. दर शनिवारी एका लायब्ररीच्या मुलांच्या विभागात मी पोरांना पुस्तक वाचून दाखवते. अकरा वर्षं झाली आता, आणि एवढ्या काळात तुम्ही निवडलेली कितीतरी पुस्तकं माझ्या हातून गेलीत. काही पोरांनी अगदी डोक्यावर घेतली. काहींच्या वेळी दहा मिनिटांत चुळबुळ सुरू झाली आणि मला पुस्तक मिटून ठेवावं लागलं.

माझी मागणी एकच आहे. पुस्तक करणाऱ्याला तुम्ही जो मान देता, तोच मान, त्याच स्टेजवर, त्याच दिवशी, ते पुस्तक पोरांपर्यंत पोचवणाऱ्याला द्या. कोपऱ्यातला वेगळा छोटा कार्यक्रम नको, आभार मानताना शेवटी घाईघाईत घेतलेलं नाव नको. बरोबरीनं द्या.

का म्हणते ते सांगते.

आमच्याकडे एक मुलगी यायची, सात वर्षांची असेल. वर्गातल्या बाकीच्यांना वाचता यायला लागलं होतं आणि हिला अक्षरं लागत नव्हती. कोणी वाचायला सांगितलं की हिचे कान लाल व्हायचे आणि ती पुस्तक छातीशी धरून खाली बघत बसायची, म्हणजे पुस्तक सोडायची पण नाही आणि उघडायची पण नाही. आमच्या विभागातल्या लायब्ररियन बाईंनी महिनाभर तिला नुसतं बघितलं, काही बोलल्या नाहीत. मग एक दिवस त्यांनी खालच्या शेल्फवरून एक पुस्तक काढलं ज्यात एकही शब्द नव्हता, नुसती चित्रं, ते तिच्यासमोर ठेवलं आणि त्या आपल्या कामाला लागल्या. मुलीने पाच-सहा पानं उलटली, परत मागे गेली, परत पुढे आली, आणि उठून बाईंकडे जाऊन म्हणाली, "यात काही लिहिलेलंच नाहीये." बाई म्हणाल्या, "हो, लिहायचं राहिलंय. तू सांग, मी ऐकते."

तिने सांगितलं. पहिल्या दिवशी चार वाक्यं असतील. पुढच्या शनिवारी त्याच चित्रांची वेगळी गोष्ट सांगितली, त्याच्या पुढच्या शनिवारी अजून वेगळी, आणि बाई ते पुस्तक तिच्यासाठी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये बाजूला ठेवायला लागल्या. चौथ्या महिन्यात तिने बाईंकडे कागदाच्या चिठ्ठ्या मागितल्या. प्रत्येक पानात एकेक चिठ्ठी घालायची होती तिला, तिने स्वतः लिहिलेली. पहिल्या चिठ्ठीवर दोनच शब्द होते, "तो थांबला", आणि त्यातला "थ" उलटा काढलेला होता. वाचायला न येणारी मुलगी लिहायला बसली होती, कारण तिच्याकडे सांगायला काहीतरी होतं आणि ते ऐकायला एक माणूस होता.

आता तुम्हाला जे सांगायचंय ते हे की त्या पुस्तकाच्या कव्हरवर सोनेरी स्टिकर होता. पुरस्कार मिळालेलं पुस्तक होतं ते, आणि ज्या समितीने निवडलं तिने शंभर टक्के बरोबर निवडलं होतं, कारण ती चित्रं इतकी नीट रचलेली होती की एक मूल त्यांच्यावर चार महिने गोष्टी रचू शकलं आणि ती संपली नाहीत. पण तेच पुस्तक त्याआधी दोन वर्षं खालच्या शेल्फवर पडून होतं. मागच्या पानावर तारखांचे शिक्के मारायचा जो कागद चिकटवलेला असतो ना, त्याच्यावर दोन वर्षांत तीन शिक्के होते. आता त्या कागदावर दुसरा कागद चिकटवलाय आणि तोही भरत आलाय, कारण त्या मुलीचं बघून बाकीची पोरं मागायला लागली. पुस्तक तेच, स्टिकर तोच. मधे एक बाई आल्या.

ही गोष्ट मी इतकी लांबण लावून सांगितली कारण याची उलटी बाजूही मी बघितलीये. दुसऱ्या एका लायब्ररीत, नाव घेत नाही, मुलांच्या विभागातली लायब्ररियनची जागा रद्द केली. पैसे नाहीत म्हणाले. तिथे असलेल्या बाई गेल्या आणि त्यांचं काम काउंटरवरच्या माणसाने बघायचं असं ठरलं, तो बिचारा भला माणूस होता पण त्याला आधीच दोन टेबलांचं काम होतं. कोणतंही पुस्तक काढून टाकलं नाही, उलट त्या वर्षी नवीन आली, त्यात पुरस्कारवाली पण होती. सहा महिन्यांनी मी तिथे गेले तर मुलांच्या विभागात मोठी माणसं पेपर वाचत बसलेली, कारण तिथे शांत असतं. पोरं यायची बंद झाली होती. एकाही पोराला कोणी येऊ नको म्हटलं नव्हतं. तुझ्यासाठी हे बाजूला ठेवलंय बघ, असं म्हणणारं तिथे कोणी राहिलं नव्हतं, एवढंच झालं होतं.

तुम्ही म्हणाल आमचं काम चांगलं पुस्तक शोधायचं, ते कोण वाचून दाखवतं हे बघायचं नाही. पण तुमचा स्वतःचा इतिहास बघा ना. न्यूबेरी मेडल हा मुलांच्या पुस्तकांचा जगातला पहिला पुरस्कार मानतात. १९२१ साली अमेरिकेतल्या लायब्ररियन लोकांच्या सभेत फ्रेडरिक मेल्चर नावाच्या माणसाने ते सुचवलं, आणि त्याची मला आवडणारी गोष्ट ही की पुस्तक निवडायचं काम त्याने मुलांच्या लायब्ररियनकडे सोपवायला सांगितलं. ज्यांच्या समोर रोज पोरं उभी राहतात त्यांनी ठरवावं. १९२२ मध्ये पहिलं मेडल दिलं गेलं. ब्रिटनमधलं कार्नेगी मेडल १९३६ पासूनचं, तेही लायब्ररियन लोकांच्या संघटनेनेच सुरू केलेलं. म्हणजे पोचवणाऱ्यांनी हे पुरस्कार उभे केले, त्यांनी वाचलं, त्यांनी भांडून निवडलं, आणि स्वतःचं नाव मात्र कुठेच ठेवलं नाही. मला हे फार मोठं वाटतं. पण म्हणून आपण शंभर वर्षं ते तसंच चालू द्यायचं का?

आणि पुरस्कार काही दगडावरची रेघ नसतात, ते वाढत आलेत. आधी फक्त लेखकाला होता. मग चित्रं काढणाऱ्याचं काय असं कोणीतरी विचारलं आणि १९३८ पासून कॅल्डेकॉट मेडल आलं, म्हणजे सोळा वर्षांनी. हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार १९५६ पासून लेखकांना मिळतो, चित्रकारांना १९६६ पासून. मग लक्षात आलं की दुसऱ्या भाषेतलं पुस्तक आणणारा प्रकाशक पण मोठं काम करतो, तर मिल्ड्रेड बॅचेल्डर या लायब्ररियनच्या नावाने १९६८ मध्ये त्यासाठी पहिला पुरस्कार दिला गेला. अनुवादकांची नावं मुलांच्या पुस्तकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, म्हणजे इबीच्या, सन्मानयादीत येतात. दर वेळी कोणीतरी उठून म्हणालं की अजून एक माणूस राहिलाय, आणि दर वेळी बाकीच्यांनी थोडं सरकून जागा करून दिली. मी तेच म्हणतेय, अजून एक माणूस राहिलाय.

१९६५ साली नॅन्सी लॅरिक नावाच्या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी एक लेख लिहिला. त्याची सुरुवात एका पाच वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीच्या प्रश्नाने झाली होती, पुस्तकातली मुलं नेहमी गोरीच का असतात, असं तिने विचारलं होतं. बाईंनी हा प्रश्न ऐकून सोडून दिला नाही, त्या मोजायला बसल्या. तीन वर्षांत निघालेली पाच हजारांहून जास्त पुस्तकं बघितली आणि त्यातल्या फक्त ६.७ टक्के पुस्तकांत एखादं तरी कृष्णवर्णीय माणूस होतं. मग १९६९ मध्ये अशाच एका लायब्ररियन लोकांच्या अधिवेशनात मेबल मॅकिसिक आणि ग्लिंडन ग्रीअर या दोघी शाळेतल्या लायब्ररियन एका प्रकाशकाच्या स्टॉलवर भेटल्या, तिथे मार्टिन ल्यूथर किंग यांचं पोस्टर होतं आणि दोघींनाही तेच पाहिजे होतं. बोलता बोलता विषय निघाला की न्यूबेरी आणि कॅल्डेकॉट सुरू होऊन इतकी वर्षं झाली, आजवर एकाही कृष्णवर्णीय लेखकाला किंवा चित्रकाराला मेडल मिळालेलं नाही. स्टॉलवरच्या प्रकाशकाने ऐकलं आणि म्हणाला, मग तुम्हीच का नाही सुरू करत? १९७० मध्ये किंग यांच्या पत्नीच्या नावाचा पहिला कोरेटा स्कॉट किंग पुरस्कार दिला गेला. लायब्ररियन लोकांच्या मोठ्या संघटनेने तो अधिकृतपणे आपला म्हणायला १९८२ उजाडलं, तोवर या बायकांनी तो आपल्या बळावर चालवला.

समितीच्या नजरेतून जे सुटलं होतं ते या दोघींना दिसलं, कारण शाळेच्या लायब्ररीत त्यांच्यासमोर रोज ती मुलं उभी असायची ज्यांना पुस्तकात स्वतःसारखं कोणी सापडत नव्हतं. समितीच्या टेबलावर पुस्तकं येतात. मुलं येत नाहीत.

आता येला लेपमनबद्दल मला थोडं सविस्तर सांगायचंय, तुमच्यातल्या बऱ्याच जणांना माहिती असेल तरी. जर्मनीतली ज्यू पत्रकार, १९३६ मध्ये दोन मुलांना घेऊन देश सोडून इंग्लंडला गेलेली. युद्ध संपल्यावर १९४५ मध्ये अमेरिकन सैन्याची सल्लागार म्हणून त्याच देशात परत आली, ज्याने तिला हाकललं होतं. काम काय, तर बायका आणि मुलं यांच्यासाठी काय करावं ते सांगायचं. सगळीकडे ढिगारे, खायला नाही, आणि ही बाई म्हणते मुलांना पुस्तकं पाहिजेत. तिच्याकडे बजेट नव्हतं. म्हणून तिने वीस देशांना पत्रं लिहिली, तुमच्याकडची उत्तम मुलांची पुस्तकं आम्हाला फुकट पाठवा. विचार करा, ज्या देशांवर जर्मनीने हल्ले केले त्यांच्याकडे जर्मन मुलांसाठी पुस्तकं मागायची! बेल्जियमने नकार दिला, आमच्यावर दोनदा आक्रमण झालंय म्हणाले. तिने परत पत्र लिहिलं, आणि शेवटी बेल्जियमनेही पुस्तकं पाठवली.

१९४६ च्या जुलैत म्युनिकमध्ये त्या पुस्तकांचं प्रदर्शन भरलं, आणि जागा कोणती, तर नाझींनी आपल्या पसंतीची कला मिरवायला बांधलेली इमारत. पुढे ते प्रदर्शन बाकीच्या शहरांत गेलं. एक फुलं हुंगत बसणाऱ्या, झुंजायला नकार देणाऱ्या बैलाची गोष्ट होती, ती जर्मनमध्ये नव्हती, तर हिने स्वतः बसून अनुवाद केला आणि वर्तमानपत्राच्या कागदावर ३० हजार प्रती छापून बर्लिनच्या मुलांना वाटल्या. वर्तमानपत्राचा कागद! आपण गुळगुळीत आर्ट पेपर आणि छपाईच्या दर्जावर किती बोलतो, आणि बोलायलाच पाहिजे, पण मला तो जाडाभरडा कागद हातात धरलेलं पोर डोळ्यासमोर येतं आणि माझ्या अंगावर काटा येतो. १९४९ मध्ये तिने म्युनिकला आंतरराष्ट्रीय बाल ग्रंथालय उभं केलं, ते आजही आहे, आता एका जुन्या किल्ल्यात आहे. १९५३ मध्ये तिच्या पुढाकाराने इबी उभी राहिली, आणि अँडरसन पुरस्कार जो आपण जगातला सगळ्यात मानाचा म्हणतो तो इबीचाच. एका पोचवणाऱ्या बाईच्या कामातून तो पुरस्कार आलाय हे तो देताना दर वेळी मोठ्याने सांगायला हवं असं मला वाटतं.

जपानमधल्या मोमोको इशिई स्वतः लेखिका, अनुवादक, संपादक, म्हणजे पुस्तक करणाऱ्यांच्या बाजूच्या. तरी १९५८ मध्ये त्यांनी टोकियोत राहत्या घरात मुलांसाठी लायब्ररी उघडली. त्यांना बघायचं होतं की आपण केलेलं पुस्तक मूल कुठे थांबून वाचतं, कुठे सोडून देतं. अशा घरगुती लायब्रऱ्या चालवणाऱ्या बायका तिथे कितीतरी होत्या, आणि तशाच काही लायब्रऱ्या एकत्र येऊन १९७४ मध्ये टोकियो बाल ग्रंथालय झालं. कोलंबियात लुईस सोरियानो हा शिक्षक दोन गाढवांवर पुस्तकं लादून खेड्यांत जायचा, गाढवांची नावं आल्फा आणि बेतो, दोन्ही जोडली की 'मुळाक्षरं' या अर्थाचा स्पॅनिश शब्द होतो. मी हे आमच्या पोरांना सांगितलं तर पुढचा महिनाभर त्यांना दुसरी गोष्टच नको होती.

खरं सांगायचं तर पोचवणारा माणूस चुकतोही, आणि हे लपवून मी मागणी करणार नाही. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत अ‍ॅन कॅरल मूर यांनी मुलांचा विभाग उभा केला, १९११ मध्ये मुख्य इमारतीत मुलांची खोली उघडली. ज्या काळात कितीतरी लायब्रऱ्यांत लहान मुलांना आतच घेत नसत त्या काळात त्यांनी मुलांच्या उंचीचं फर्निचर आणलं, शांतता राखा वाल्या पाट्या काढून टाकल्या, आणि पुस्तक नीट वापरीन असं वहीत नाव लिहून वचन दिलं की मुलाला पुस्तक घरी न्यायला दिलं. आज जगात कुठेही मुलांचा विभाग बघाल तर त्यात या बाईंचा थोडा हात आहे. पण त्यांची आवड ठाम होती आणि त्यांना न पटलेलं पुस्तक आत येणं अवघड होतं. गुडनाइट मून हे पुस्तक १९४७ मध्ये आलं, मूर तोवर निवृत्त झाल्या होत्या तरी त्यांचा शब्द चालायचा, आणि त्या लायब्ररीने ते पुस्तक घेतलं १९७२ मध्ये. पंचवीस वर्षं! तोवर ते कितीतरी घरांत झोपताना वाचलं जात होतं. म्हणून मी म्हणते की एकाच माणसाच्या पसंतीवर सोडू नका, पोचवणारे खूप असू द्या, वेगवेगळ्या आवडीचे असू द्या, आणि ते लोकांना दिसू द्या म्हणजे त्यांना प्रश्नही विचारता येतील. ज्याचं नावच कोणाला माहिती नाही त्याला प्रश्न तरी कोण विचारणार.

हे अशक्य नाहीये, केलेलं आहे लोकांनी. स्वीडन सरकारने २००२ मध्ये तिथल्या मुलांच्या लेखिका आस्ट्रिड लिंडग्रेन यांच्या नावाने स्मृती पुरस्कार सुरू केला, बालसाहित्यातला रकमेने सगळ्यात मोठा, आणि त्याच्या नियमातच लिहिलंय की लेखक, चित्रकार, तोंडी गोष्ट सांगणारे आणि वाचनाचा प्रसार करणारे, सगळे एकाच पुरस्काराला पात्र. नुसतं कागदावर नाही, २००७ मध्ये व्हेनेझुएलाच्या बांको देल लिब्रो या संस्थेला दिला, २००९ मध्ये पॅलेस्टाइनच्या तामेर संस्थेला, २०१५ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या प्राएसा संस्थेला, २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी मुलांसाठी काम करणाऱ्या इंडिजिनस लिटरसी फाउंडेशनला. ज्या यादीत मोठमोठे लेखक आहेत त्याच यादीत ही नावं आहेत, खाली नाहीत, बाजूला नाहीत. मग बाकीच्यांना काय अडचण आहे?

कसं शोधायचं असा प्रश्न पडेल, तर माझं साधं सांगणं आहे. फाटलेल्या प्रती मागवा. खरंच सांगतेय. लायब्रऱ्यांना, शाळांना कळवा की तुमच्याकडची सगळ्यात जास्त वापरून फाटलेली, टेप लावलेली, कोपरे गोल झालेली मुलांची पुस्तकं कोणती ते आम्हाला सांगा आणि ती कोणामुळे इतकी फिरली तेही सांगा. अशा प्रत्येक पुस्तकामागे एक माणूस सापडेल, कोणी लायब्ररियन, कोणी वर्गशिक्षक जो शेवटची पंधरा मिनिटं वाचून दाखवतो, कोणी आजी जी दुसऱ्यांच्या नातवंडांना पण घेऊन बसते. पोरांना विचारलं तर ती लगेच नाव सांगतात, लेखकाचं नाव त्यांना आठवत नाही पण हे पुस्तक मला कोणी दिलं हे मात्र पक्कं आठवतं.

आणि अजून एक, पुस्तक निवडताना ते एकदा तरी पोरांसमोर मोठ्याने वाचलं जाऊ दे, आणि तुम्ही त्या खोलीत असा. एकट्याने रात्री वाचताना जे छान वाटतं ते मोठ्याने वाचताना कधी कधी जिभेवर अडखळतं. आणि कधी उलट, कागदावर साधी दिसणारी एक ओळ दर दोन पानांनी परत येते आणि तिसऱ्या वेळी पोरं माझ्या आधी म्हणतात, पाचव्या वेळी अख्खी खोली म्हणते. ते तुम्हाला गठ्ठ्यात दिसणार नाही. पान उलटायच्या आधी मी थांबते तेव्हा पुढच्या रांगेतला एक जण श्वास रोखून धरतो, मला त्याचे खांदे वर गेलेले दिसतात, आणि पान उलटलं की खांदे खाली येतात. लेखकाने तो शब्द तिथे ठेवला म्हणून हे होतं, हे मला पूर्ण मान्य आहे, पण मी थांबले नसते तर ते झालं नसतं. कार्नेगीच्या शॉर्टलिस्टची पुस्तकं शाळा-लायब्रऱ्यांतले मुलांचे गट त्याच सुमाराला वाचतात आणि आपलं मत देतात, म्हणजे ही वाट पण कोणीतरी आधीच चालून दाखवलीये.

पुरस्कार दिल्यावर पुस्तकाचं पुढे काय होतं इकडेही लक्ष द्या. एका शाळेत मला मुलांना वाचून दाखवायला बोलावलं होतं, तिथे ऑफिसच्या बाहेर काचेच्या कपाटात सगळी मेडलवाली पुस्तकं ओळीत लावलेली, कव्हर समोर करून, स्टिकर दिसतील अशी. कुलूप होतं. मी म्हटलं त्यातलंच एक वाचूया, तर किल्ली कोणाकडे आहे ते शोधण्यात अर्धा तास गेला. पुस्तक उघडलं तेव्हा त्याच्या मणक्यातून कडकड आवाज आला, जो नव्या, कधीच न उघडलेल्या पुस्तकातून येतो. खराब होतील म्हणून देत नाही म्हणाले, आणि त्यांचा हेतू वाईट नव्हता, पुस्तकांची किंमत आहे म्हणूनच ती कुलपात होती. पण तुम्ही वर्षभर रात्री जागून जे निवडलं ते कुलपात ठेवण्यासाठी होतं का? तिथे एखादा माणूस असता ज्याला तुम्ही पुस्तकाबरोबर नावानिशी मान दिलाय, तर किल्ली त्याच्या खिशात असती आणि कपाट उघडं असतं.

येत्या वर्षी एकच नाव जोडून बघा. मेडल मिळालेल्या पुस्तकाच्या बाजूला, ते पोरांच्या हातात देणाऱ्या एका माणसाचं. पैसे नाही दिलेत तरी चालेल, त्यांच्या लायब्ररीला एक पत्र पाठवा की तुमच्याकडची ही जागा आम्हाला महत्त्वाची वाटते. जागा रद्द करणारी माणसं असं पत्र वाचतात, निदान फाइलला लावून ठेवतात, आणि पुढच्या वेळी बजेट कापताना ते पत्र मधे येतं.

आमच्या लायब्ररियन बाई पुढच्या वर्षी रिटायर होतायत. ते बिनशब्दांचं पुस्तक अजून त्यांच्या ड्रॉवरमध्ये असतं, चिठ्ठ्यांसकट, त्या काढू देत नाहीत. "तो थांबला" वाली चिठ्ठी आता पिवळी पडलीये. ती मुलगी मोठी झालीये, मधे आली होती, स्वतः एका लहान पोराला हाताला धरून घेऊन आली, त्याला वाचता येत नाही म्हणाली, आणि सरळ ड्रॉवरपाशी गेली.

शनिवारी चार वाजता आम्ही सुरू करतो. तुमच्यातलं कोणीही या, न सांगता या, खाली सतरंजीवर मागच्या बाजूला जागा असते.

तुमची,
दर शनिवारी पुस्तक वाचून दाखवणारी एक वाचक